महिरपीतली महिरप

वाचकहो, पन्नाशीनंतर गृहस्थाने दोन भानगडींत पडू नये. एक, चकलीचा सोऱ्या दुरुस्त करणे. दुसरी, शिकलेल्या मुलीपुढे हुशारी दाखविणे. यंदा मी दुसरी केली.

आमच्या सोसायटीचे संकेतस्थळ मीच सांभाळतो. दिवाळीसाठी ते केशरी करायचे ठरले. रंगरूपाचे नियम ज्या फायलीत असतात तिला स्टाइलशीट म्हणतात. आधी नियमाचे नाव, मग महिरपी कंसात रंग, आकार, अंतर. शेदोनशे नियम हाताने कोण बदलणार? मी प्रोग्रॅममध्ये एक रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिले. म्हणजे मजकूर ओळखण्याचा साचा. ‘उघडत्या कंसापासून मिटत्या कंसापर्यंतचे उचल, रंग बदल.’

पठ्ठ्याने पहिल्या उघडत्या कंसापासून थेट शेवटच्या मिटत्या कंसापर्यंत अख्खी फाइल गिळली! ‘पहिला मिटता कंस दिसताच थांब,’ असे बजावल्यावर वठणीवर आला. मी मिशीला पीळ दिला.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींचा फोन. “अहो, कॉम्प्युटरवर सोसायटीचं पान अगदी उघडंबोडकं दिसतंय. सणासुदीला बरं का हे?”

झाले होते असे. मोबाइलसाठीचे नियम एका मोठ्या कंसाच्या पोटात होते. आतला पहिला कंस मिटताच साचा ‘संपले’ म्हणून उठला. बाहेरचा मिटता कंस अनाथ ठरून गळाला आणि पुढचे सगळे नियम मोबाइलच्याच खाती जमा झाले.

मुलगी हसली नाही, हे तिचे मोठेपण. म्हणाली, “बाबा, महिरपीत महिरप असली की किती उघड्या आहेत ते मोजावं लागतं. साच्याला आकार ओळखता येतो, मोजता येत नाही.”

अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनी 1956 सालीच दाखवले होते, की हे साचे ठरावीक स्मृतीच्या यंत्राला जमते तेवढेच ओळखतात. 1968 साली केन टॉम्प्सन यांनी ते मजकूर शोधायला जुंपले. शोधायला उत्तमच, पण कितीही खोल कंसांचा हिशेब ठेवणे हे मूळ साच्याचे काम नव्हे. आणि 2023 पासून तर ब्राउझर नियमाच्या पोटात नियमही चालवून घेतात!

मग एकेक अक्षर वाचणारा प्रोग्रॅम लिहिला. कंस उघडला, एक मिळव. मिटला, एक वजा कर. शून्य आले की नियम संपला. अवतरणांतले आणि टिपांमधले कंस मोजायचे नाहीत.

लक्ष्मीपूजनाआधी पान केशरी झाले. तपासताना मी मुलीशेजारी बसून बोटांवर कंस मोजत होतो. तीस वर्षांपूर्वी मोजायला तिला मीच शिकवले होते, तेही बोटांवरच.