बट्टा कुणाच्या खात्यावर?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमा आणि नावे या दोन बाजू जुळल्या की हिशेब बरोबर, असे आम्हांला शिकवतात. पण एक व्यवहार असा आहे की जो वहीत जुळतो आणि माणसाच्या पोटात चुकतो. त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

माझे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी. घरात मराठी, बाजारात तेलुगू. दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या तोंडावर पाऊस आला आणि कापून ठेवलेली ज्वारीची कणसे भिजली. दाणे काळवंडले, काहींवर पांढरी-गुलाबी बुरशी चढली. बाबांनी चार पोती गावातल्या व्यापाऱ्याला घातली. त्याने क्विंटलमागे बट्टा कापला. वही मीच लिहिली. माल निदान खपला याचा मला आनंदच झाला. उरलेले पोते आईने वाळवले, पाखडले, धुतले आणि दळून आणले. व्यापाऱ्याने आमची ज्वारी चांगल्या ज्वारीत मिसळून स्वस्तात विकली. ती घेणारे आमच्याच शेतात कापूस वेचायला येणारे मजूर होते.

पुढे वाचनात आले की असेच 1995 साली दख्खनच्या पठारावर, कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खेड्यांत घडले होते. पावसात भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्याने लोकांना पोटात कळा, गुरगुर आणि हगवण सुरू झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी 50 गावे पाहिली. त्यांपैकी 27 गावांत हा त्रास आढळला. धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष निघाले. ते धान्य खाणे थांबताच माणसे बरी झाली. आमची भाकरी काय किंवा आमच्या कन्नड मित्रांची जोळद रोट्टी काय, ताट एकच होते!

हे विष पोटात करते काय? आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. त्या पेशी प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. अन्नरस आत जावा, जंतू व घाण बाहेर राहावी, अशी ही राखण. फ्युमोनिसिन पेशींच्या आवरणाला लागणारे स्निग्ध पदार्थ नीट तयार होऊ देत नाही. बुरशीची अशी विषे या टाक्या सैल करतात, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर आणि डुकरांवर दिसून आले आहे. कुंपण मोडले की शेतात गुरे शिरतात, तसेच हे. वरची बुरशी धुऊन जाते, पण दाण्यात उतरलेले सगळे विष धुतल्याने जात नाही आणि तव्याच्या आचेनेही जळत नाही.

आता आमच्या बाजाराची गंमत पाहा. सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा यंत्राने मोजतात. 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की गाडी परत! कापूस कुणी खात नाही. जी ज्वारी रोज पोटात जाते, तिचा ओलावा मात्र दाताखाली दाणा चावून ठरतो.

कुणी म्हणेल, गरिबाने धान्य टाकून द्यायचे तर खायचे काय? प्रश्न खरा आहे, म्हणूनच हा बोजा एकट्या घरावर टाकू नये. गावोगावी सिमेंटचे वाळवणीचे ओटे आणि ताडपत्र्या हव्यात, ओलावा मोजण्याचे एक यंत्र ग्रामपंचायतीत हवे. खराब झालेल्या धान्यापासून इथेनॉल करण्यास 2018 च्या जैवइंधन धोरणाने वाट दिली आहे. ती वाट खेड्यापर्यंत यावी. गुरांना घालणे हा उपाय नव्हे, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे दुसरे विष दुधातूनही उतरते. ते किती घातक असते हे 1974 साली दिसले: गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात बुरशीच्या मक्याने शंभरावर माणसे दगावली.

मित्रहो, वहीत मी बट्टा आमच्या नावे लिहिला होता. आज कळते की खरा बट्टा भरला तो ज्यांचे आमच्या वहीत खातेच नव्हते त्यांनी. यंदा पाऊस पडला तर निदान आमच्या घरची काळी ज्वारी बाजारात जाणार नाही, एवढे मी बाबांकडून कबूल करून घेतले आहे.