जोत्याच्या पोटांतील गोष्ट

नवें घर बांधूं लागलेल्या कुटुंबांत फरशीचा रंग, ओट्याचा दगड आणि देवघराची दिशा यांवर महिनोन्‌महिने चर्चा चालते. परंतु जोत्याच्या पोटांत काय भरलें जात आहे, हें पाहण्यास सहसा कोणी जात नाहीं. पाया जमिनीच्या वर आल्यापासून फरशी बसेपर्यंतचे ते थोडे दिवस. त्या दिवसांतील काम पुढें झांकलें जातें, आणि झांकलेलें काम उघडण्याचा खर्च तें करण्याच्या खर्चाहून कितीतरी अधिक असतो.

आमचें कर्वेनगर म्हणजे पूर्वीचें हिंगणें बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनीं १९०० मध्यें आपला अनाथ बालिकाश्रम येथें आणिला, तेव्हां फर्ग्युसन कॉलेजांतील अध्यापन संपवून ते चिखल तुडवीत पायीं येथें येत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मुठेकांठच्या या भागांत जेथें जेथें काळी माती आहे, तेथें तो चिखल अद्याप घरांच्या खालीं आहेच. केवळ आपणांस दिसत नाहीं इतकेंच. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. तिच्याखालीं मुरूम व त्याखालीं काळा पाषाण, ही पुण्याच्या भूमीची सर्वसाधारण घडण. भिंतींचा पाया मुरुमापर्यंत अथवा खडकापर्यंत नेण्याची दक्षता बहुतेक सर्व घेतात. विसर पडतो तो निराळ्याच गोष्टीचा : भिंतीचा भार पाया वाहतो, परंतु फरशीचा भार भराव वाहतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचें असेंच झालें. पाया खणतांना निघालेली काळी माती दाराशींच पडली होती. ती वाहून न्यावयाची म्हणजे गाडीभाडें, आणि मुरूम आणावयाचा म्हणजे ब्रासमागें पैसे. ठेकेदारानें दोन्ही खर्च वांचविले. तीच माती जोत्यांत लोटून वर पाणी सोडलें. दुसऱ्या पावसाळ्यांत फरशी भिंतीपासून बोटभर खालीं गेली. भरावांतून जाणारा न्हाणीघराचा नळहि सांध्यावर निखळला व त्याचें पाणी त्या मातीसच मिळूं लागलें. मग एक कोपरा खचे, तर दुसरा फुगे. माजघरांत वर आलेल्या एका फरशीस अडखळून घरांतील वृद्ध माउली पडल्या व त्यांचें मांडीचें हाड मोडलें. त्यानंतर त्या आपल्या पायांनीं तुळशीपर्यंत गेल्या नाहींत.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूमिपरीक्षा सांगितली आहे, ती येथें आठवते. घराच्या मध्यभागीं हातभर खड्डा खणावा व त्याच मातीनें तो पुन्हां भरावा. माती कमी पडली तर भूमि अनिष्ट, बरोबर झाली तर मध्यम, उरली तर उत्तम. यांत गूढ कांहीं नाहीं. घट्ट जमीन खणली कीं तिची माती सैल होऊन अधिक जागा व्यापते, म्हणून ती उरते. हेंच उलट वाचलें म्हणजे भरावाचा नियम हातीं येतो. सैल टाकलेली माती आज ना उद्यां बसणारच; ती आपण बसविली नाहीं, तर ती फरशीला घेऊन बसते.

तेव्हां जोत्यांतील काळी माती प्रथम काढून टाकावी. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानें भरावा आणि प्रत्येक थर ओलावून धुम्मसानें ठोकावा. हल्लीं यासाठीं यंत्रें भाड्यानें मिळतात. दोन फूट मुरूम एकदम ओतून वरून कितीहि ठोकला, तरी तळ पोकळच राहतो. ठोकलेल्या थरावर पहार उभी सोडून पाहावी. ती सहज रुतली तर काम अपुरें समजावें. (गवंडी रागावतो, रागावूं द्यावा.) न्हाणीघराचे व शौचकूपाचे नळ याच वेळीं उतार साधून बसवावे, टोंकें बंद करून रात्रभर पाण्यानें भरून ठेवावे, आणि पाणी उतरलें नाहीं असें पाहूनच झांकावे. वाळवीचें औषधहि याच वेळचें. त्यावर नऊ इंचांचें सोलिंग करावें, म्हणजे डबर हातानें उभें लावून फटींत कपच्या ठोकाव्या. बारीक मातींतून ओल दिव्याच्या वातींतील तेलाप्रमाणें वर चढते. जाड दगडांच्या थरांतून तिला तसें चढतां येत नाहीं. भिंतींतहि जोत्याच्या पातळीस ओल अडविणारा थर हवाच.

सोलिंगवर काँक्रीटचा चार इंची थर येतो. त्यास लोक स्लॅब म्हणतात आणि छताच्या स्लॅबइतकाच त्यावर विश्वास टाकतात. परंतु हा थर कांहीं पूल नव्हे. खालचा भराव बसला कीं तो तडकतो. आठवडाभर तरी तो सतत भिजत ठेवावा.

आतां बाहेरचें पाणी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेला जो पूर आला, त्यापुढें जोत्याची काय कथा! आपला नित्याचा शत्रु फार लहान आहे : भिंतीच्या मुळाशीं सोडलेला गच्चीचा नळ, खिडकीखालीं रोज शिंपलीं जाणारीं फुलझाडें, घराकडे उतरतें अंगण. घराभोंवतीं तीन फूट रुंद फरसबंदी करून तिला बाहेरच्या बाजूस इंचभर उतार द्यावा. पावसाचें पाणी जमिनींत मुरविण्याचा खड्डा अवश्य करावा, पण पायापासून दूर. शिवाय रस्ते डांबराच्या थरांनीं वर चढत जातात; जुन्या बंगल्यांचीं जोतीं त्यामुळेंच रस्त्याच्या बरोबरीस आलीं आहेत. म्हणून जोतें आजच्या रस्त्याहून हवें तेवढें ठेवून वर आणखी फूटभर घ्यावें, आणि घरांत वृद्ध असतील तर पायऱ्यांशेजारीं उताराची वाट करावी.

नळ झांकण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें काढावीं, भिंतींपासूनचीं अंतरें एका कागदावर मांडावीं, आणि तो कागद खरेदीखताबरोबर ठेवावा.