विजेचा हिशेब आणि खुल्या बाजाराची पोथी

मार्च २०२२ च्या अखेरीस इंडियन एनर्जी एक्स्चेंजवरील विजेचा भाव युनिटला २० रुपयांना, म्हणजे तेथील कमाल मर्यादेला, जाऊन भिडला. १ एप्रिल रोजी केंद्रीय वीज नियामक आयोगाने ही मर्यादा १२ रुपयांवर आणली. अशा प्रसंगी खुल्या बाजाराच्या कैवाऱ्यांचे भाष्य ठरलेले असते: भाव हा बाजाराचा संदेश आहे, सरकारने तो दाबला की पुरवठा आटतो, सबब सरकारने दूर व्हावे. यांतील पहिली दोन विधाने विजेच्या व्यवहाराविषयी आहेत आणि ती तपासून पाहता येतात. तिसरे विजेविषयी नाहीच. ते एक राजकीय मत आहे, आणि पहिल्या दोहोंच्या आडोशाने ते वाचकाच्या गळी उतरविले जाते.

राज्यसंस्था शक्य तितकी आक्रसावी व माणसाचा सारा व्यवहार बाजारावर सोपवावा, हे मत या देशात नवे नाही. १९५६ साली मुंबईत फोरम ऑफ फ्री एन्टरप्राइझ स्थापन झाला. १९५९ साली राजाजी, मिनू मसानी व प्रा. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढून परमिट-लायसन्स राजविरुद्ध उघड आघाडी उघडली. श्रमजीवी जनतेच्या हिताला ते मत मारक होते. परंतु मत म्हणूनच ते लोकांपुढे आले आणि लोकांनी त्याचा मतपेटीतून निकाल लावला. आज तेच मत तज्ज्ञाच्या आवाजात, मेगावॉटच्या तक्त्यांत मिसळून येते. पक्षाला निवडणुकीत पाडता येत होते. तक्त्याला कोण पाडणार?

त्या एप्रिलात दिल्लीभोवती प्रत्यक्षात काय घडले? २९ तारखेला देशाची मागणी २ लाख ७ हजार मेगावॉटच्या वर गेली. दादरी व ऊंचाहार येथील केंद्रांत कोळसा अपुरा असल्याने मेट्रो आणि रुग्णालयांचा पुरवठा धोक्यात येईल, असा इशारा दिल्ली सरकारने दिला. एनटीपीसीने तो नाकारला. कोळशाच्या मालगाड्यांना वाट मिळावी म्हणून रेल्वेने प्रवासी गाड्या रद्द केल्या. युनिटला २० रुपये मोजल्याने कोळशाची वाघीण संध्याकाळपर्यंत दादरीला पोहोचत नाही, हे उघड आहे.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आयात कोळशावर चालणारी अनेक केंद्रे त्या वेळी बंद होती, कारण कोळशाचा जागतिक भाव चढल्याने करारातील दराने वीज विकणे त्यांना परवडत नव्हते. भाव आणि पुरवठा यांचा संबंध तुटला आहे, ही तक्रार तेवढ्यापुरती खरी होती. पण मार्ग कोणता निघाला? ५ मे रोजी केंद्र सरकारने वीज कायदा, २००३ च्या अकराव्या कलमाखाली ही केंद्रे पूर्ण क्षमतेने चालविण्याचा हुकूम काढला आणि वाढीव खर्च भरून निघेल असा दर ठरवून देण्याची व्यवस्था केली. भावाचा मुद्दा मान्य झाला. सरकार दूर झाले नाही.

दिल्लीच्या वीजवितरणाचे खासगीकरण हे तर या मंडळींचे लाडके उदाहरण. १ जुलै २००२ रोजी दिल्ली विद्युत बोर्ड मोडून वितरणाच्या तीन कंपन्या करण्यात आल्या. ५१ टक्के भाग बीएसईएस व टाटा यांच्याकडे गेले, ४९ टक्के सरकारकडे राहिले. त्या काळी जवळजवळ निम्मी वीज गळती, चोरी व न झालेली वसुली यांत जात असे. पुढे हे प्रमाण १० टक्क्यांखाली आले. डाव्या चळवळीतील काही लेखनाने या आकड्याकडे पाहण्याचेच टाळले. ही चूकच होती, कारण गळती घटली हे मोजमाप आहे, मत नव्हे.

ती बाजाराने घटविली, हे मात्र मत आहे आणि तेही लटके. लक्ष्मीनगरच्या रहिवाशाला शेजारची कंपनी निवडता येत नाही. त्याच्या घरात एकच तार येते. दर आयोग ठरवितो. गळती किती घटवायची, याचे उद्दिष्ट सरकारशी झालेल्या व्यवहारातच बांधलेले होते. पहिल्या पाच वर्षांची तूट भरून काढण्यासाठी दिल्ली सरकारने ३,४५० कोटी रुपये घातले आणि जुनी देणी सरकारी कंपनीच्या माथी ठेवली. यात स्पर्धा कोठे आहे? मक्तेदारी होती तशीच राहिली, तिचा धनी बदलला. शिवाय जो खर्च आयोगाने मान्य केला पण दरात घातला नाही, तो ग्राहकांकडून पुढे येणे म्हणून साचत गेला. ३१ मार्च २०२४ रोजी तीन कंपन्यांचे हे येणे सुमारे २७,२०० कोटी रुपये होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे येणे ठरावीक मुदतीत वसूल करून संपविण्याचा आदेश दिला. खासगीकरणाचे यश सांगताना हा आकडा गळतीच्या आकड्याशेजारी क्वचितच छापला जातो. दिल्ली सरकारने जानेवारी २०१४ मध्ये या कंपन्यांचे हिशेब महालेखापरीक्षकांकडून तपासून घेण्याचे ठरविले, तेव्हा कंपन्या न्यायालयात गेल्या; ऑक्टोबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

दरावर कोणाचेही प्रत्यक्ष नियंत्रण नाही असा वीजबाजार दिल्लीत शोधायचाच, तर तो संगमविहारसारख्या वस्त्यांतील भाड्याच्या खोल्यांत सापडेल. तेथे घरमालक सब-मीटर बसवितो आणि युनिटचा दर स्वतः ठरवितो. सरकारने २०१९ साली जाहीर केलेली २०० युनिटांपर्यंतची मोफत वीज घरमालकाच्या नावच्या मीटरपाशीच अडकू लागली, म्हणून त्याच वर्षी भाडेकरूंसाठी वेगळ्या प्रीपेड मीटरची योजना काढावी लागली. त्यासाठी भाडेकराराचा कागद लागतो, आणि तो कागद घरमालकाकडूनच मिळवायचा असतो.