दोष केवळ खातेदाराचा नव्हे

संपादक महाशयांस,

कार्डाच्या व्यवहारांत फसलेला मनुष्य स्वतःच्याच निष्काळजीपणाचे फळ भोगतो, हा गतांकातील पत्रलेखकांचा निष्कर्ष मला सर्वथा अमान्य आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून, नकली कार्डांच्या द्वारे २८ देशांतील एटीएममधून जी रक्कम उपसली गेली, आणि हाँगकाँगला वळविलेल्या पैशांसह जिचा आकडा ९४ कोटींवर पोहोचला, त्या प्रकरणात कोणत्या खातेदाराने आपला गुप्त क्रमांक कोणास सांगितला होता? रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकांनुसार, दोष बँकेचा नसेल व खातेदाराचाही नसेल तेथे, तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार करणाऱ्यावर कोणतेही दायित्व राहत नाही. इतकेच नव्हे, तर खातेदाराची चूक शाबीत करण्याचा भार बँकेवरच आहे, आणि ती चूक शाबीत झाली तरी तक्रारीनंतरची हानी बँकेनेच सोसावयाची आहे. राहाता परिसरातील पेरूच्या बागाईतदारास (ज्यास बँकेचा इंग्रजी संदेश कित्येकदा नातवाकडून वाचून घ्यावा लागतो) हे कोण सांगणार? ही तरतूद प्रत्येक शाखेच्या दर्शनी फलकावर मराठीत लावावी आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक पासबुकावर छापावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक वाचक, राहाता