यमूसाठीं रडणारे वाचक

हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीचा विषय निघाला असतां आजचा सुशिक्षित वाचक ठराविक तीन गोष्टी बोलतो. वाचतांना डोळ्यांत पाणी आलें. काय भयंकर काळ होता तो. आणि बरें झालें, तें सारें एकदाचें संपलें. समाचारास आलेल्या पाहुण्याचीं वाक्यें जशीं ठरलेलीं असतात, तशींच हीं. या वाचकांच्या अश्रूंच्या खरेपणाविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्यांच्या वाचनाविरुद्ध आमची तक्रार आहे. यमूविषयीं कळवळा दाखवितां दाखवितां त्यांनीं हरिभाऊंच्या प्रश्नास बगल दिली आहे, आणि कळवळा जितका मोठा तितकी ती बगल देणें सोपें झालें आहे.

हा प्रश्न कोठें दडवून ठेवलेला नाहीं. तो पुस्तकाच्या नांवांतच आहे. तो शंकरमामंजींस विचारलेला नाहीं, तर पुस्तक हातांत धरून बसलेल्या मनुष्यास विचारलेला आहे. अठराव्या शतकांत रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ भागाभागानें प्रसिद्ध होत होती, तेव्हां इंग्रज वाचकांनीं ग्रंथकारास पत्रें लिहून विनविलें कीं, या मुलीस मारूं नका. त्या विनवणीस टीकाकार हंसले. पण निदान त्या वाचकांना नायिका जगावी असें तरी वाटत होतें. आमच्या वाचकास यमूचा अंत सोयीचा वाटतो. ती गेली, तिच्याबरोबर तिचा काळ गेला, आणि आपण रडून मोकळे झालों!

पहिल्या वाचकांस तर ‘गेला तो काळ’ असें म्हणण्याचीही सोय नव्हती. कादंबरी ‘करमणूक’ पत्रांतून १८९० पासून क्रमशः येऊं लागली आणि १८९३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. मधल्या १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचें वय दहाचें बारा करावें कीं नाहीं, एवढ्यावरून पुणें शहर दुभंगलें होतें. रखमाबाईंचा खटला मिटून दोनतीन वर्षेंच झालीं होतीं. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८९० सालीं मुंबईहून पुण्यास आलें. म्हणजे करमणुकीखातर अंक उघडणाऱ्या वाचकाच्या दारावरूनच हें सारें जात होतें. आणि याच १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी लोकांची सभा भरली व विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाहीं असें त्यांनीं ठरविलें. पदवीधर मंडळी शास्त्रार्थ काढीत बसली होती, तेव्हां ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांनीं तो खालीं ठेवण्याची भाषा केली! यमूसाठीं रडणाऱ्या किती वाचकांस ही गोष्ट ठाऊक आहे?

आतां शंकरमामंजींकडे वळूं. वाचकांचा सगळा संताप या एका मनुष्यावर असतो. तो दुष्ट आहे, ढोंगी आहे, त्यानेंच यमूचें बळजबरीनें केशवपन करविलें, सर्व खरें. पण एका खलपुरुषाच्या माथीं सारें पाप मारलें म्हणजे बाकीचें घर आपोआप निर्दोष ठरतें, आणि त्या घरांत वाचकाचीही बसावयाची जागा निर्दोष ठरते. आमच्या मतें कादंबरीची खरी धार दुष्टांवर नाहीं, सज्जनांवर आहे. यमूस दादासारखा समंजस भाऊ आहे. तिला लिहावयास वाचावयास शिकविणारा रघुनाथरावांसारखा पति आहे. मुंबईच्या बिऱ्हाडांत तिला सुखाचे दिवसही दिसतात. इतकें सर्व असून तिचें सुख एका मनुष्याच्या श्वासावर टांगलेलें राहतें. तो श्वास थांबला कीं दुसऱ्या दिवसापासून तिचा मालक बदलतो. चांगला नवरा मिळणें हें स्त्रीचें नशीब असूं शकेल, तो तिचा हक्क नव्हे, हें हरिभाऊंनीं इतक्या निर्दयपणें दाखविलें आहे कीं ‘रघुनाथराव किती आदर्श!’ असे उद्गार काढणारांची आम्हांस गंमत वाटते.

सज्जनांविषयीं आम्ही अधिक बोलतों याचें कारण इतिहासांत आहे. १८७३ सालीं प्रथम पत्नी निवर्तल्यावर महादेव गोविंद रानडे यांनीं वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशीं विवाह केला. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. त्यांस सर्व कळत होतें. कळणें आणि करणें यांच्या मध्यें वडील उभे होते. पुढें त्यांनीं त्या मुलीस शिकविलें, ती थोर झाली, हें आम्ही विसरत नाहीं. पण रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत घरांतील बायकांनीं त्यांच्या शिकण्यापायीं जो छळ मांडला त्याचें वर्णन वाचावें, आणि मग यमूच्या सासरचीं प्रकरणें काल्पनिक म्हणावीं.

विद्वान टीकाकारांचा आक्षेप निराळा आहे. ते म्हणतात, कादंबरी पाल्हाळिक आहे. रचना सैल आहे. साप्ताहिकांतून दर आठवड्यास मजकूर पुरवावयाचा म्हणजे थोडें सैल होणारच, एवढें आम्ही मान्य करितों. परंतु ज्यास हे लोक पाल्हाळ म्हणतात तो बहुतेक ठिकाणीं पुरावा आहे. घरांतला छळ नाटकांतल्यासारखा पांच अंकांत होत नाहीं. तो ताटांत काय वाढलें आणि काय वाढलें नाहीं, यांत असतो; सून कोणाशीं बोलतांना दिसली, हातांत पुस्तक होतें कीं केरसुणी, माहेरचें पत्र प्रथम कोणीं फोडलें, असल्या बारीकसारीक गोष्टींत असतो. एकेक गोष्ट घेतली तर तक्रार करणाऱ्या बाईसच लोक हंसतील. म्हणून त्या शेंकडों गोष्टी एकीपुढें एक मांडाव्या लागतात, आणि त्या बाईच्याच तोंडानें, तिच्याच चालीवर मांडाव्या लागतात. संक्षिप्त आवृत्तींत वस्तरा तेवढा उरतो. ती वाचून रडणें फार सोपें जातें.

येथपर्यंत आम्ही शहरी वाचकांविषयीं बोललों. आम्ही हें लिहीत आहों तें डोंगरकड्यास बसून; कळमनुरी तालुक्यांतलें, केळीच्या बागांमधलें हें गांव. येथील एका बागायतदार गृहस्थांस आम्हीं ही कादंबरी वाचावयास दिली. परत देतांना ते म्हणाले, “सर, हें पुण्याच्या वाड्यांतलं दुःख. आमच्यांत न्हाव्याला कुणी बोलावलं नाहीं. आमच्यांत पाट लागायचा.” सर्व प्रतिक्रियांत आम्हांस ही अत्यंत प्रामाणिक वाटली, कारण हींत अश्रु नव्हते. तींत तथ्यही आहे. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण घरांतली चाल होती, आणि हरिभाऊंची दृष्टि पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरांबाहेर या कादंबरींत फारशी जात नाहीं.

परंतु या गृहस्थांस आमचें उत्तर त्यांच्याच बाजूच्या मुलखांतून आहे. येथून वऱ्हाड दूर नाहीं. तेथील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे या मराठा घराण्यांतील बाईंनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली, म्हणजे हरिभाऊंच्या कादंबरीच्या कितीतरी आधीं. पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांपुरती राहिलेली नाहीं, कुलीन म्हणविणाऱ्या इतर घरांतही ती शिरली आहे, हें त्यांनीं तेव्हांच सांगितलें. वाचकांनीं काय केलें? त्यांची टर उडविली. जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’मध्यें त्यांची बाजू घेतली, बाकी शांतता. ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. त्यांच्यासाठीं रडावयास सुद्धां कोणी आलें नाहीं, आणि हें पहिलें पुस्तकही १९७५ सालीं पुन्हां छापलें जाईपर्यंत विस्मृतींतच पडून होतें.

आणि ‘तें सारें संपलें’ या तिसऱ्या वाक्याचें काय? मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें ठराव केला कीं, पति वारल्यावर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें या प्रथा गांवांत बंद कराव्या. त्याच महिन्यांत सरकारनें इतर ग्रामपंचायतींस त्याचें अनुकरण करण्याविषयीं परिपत्रक काढलें. जी प्रथा संपली तिच्याविरुद्ध एकविसाव्या शतकांत ठराव करण्याचें प्रयोजन काय होतें? वस्तरा गेला; बांगड्या फोडणारे हात, आणि भोंवतीं उभे राहून पाहणारे डोळे, तेच होते. दुसरी गोष्ट लग्नाच्या वयाची. हिंगोली १९९९ पर्यंत ज्या परभणी जिल्ह्याचा भाग होती, तेथें २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें ४८ टक्के स्त्रियांचीं लग्नें अठरा वर्षें पुरीं होण्याआधींच झाल्याचें आढळलें. संबंध महाराष्ट्रांत हें प्रमाण सुमारें २२ टक्के होतें. हे आंकडे ज्या लग्नांचे आहेत त्यांस मांडव होते, पंगती होत्या, आहेर होते, आणि पंगतींत आमच्यासारखे शिकलेले लोकही जेवून गेले असतील. अठराशें नव्वदच्या वाचकास दोष देण्याचा अधिकार आम्हांस कोणत्या पंगतींत मिळाला?

कोणी म्हणेल, कादंबरीनें इतकें ओझें कां वाहावें? ती कलाकृति आहे. ठीक. पण मग कलाकृति म्हणून तरी ती नीट वाचा. तिची निवेदिका कोणाशीं बोलत आहे, एवढें तरी पाहा. ‘यमूचें स्वभावचित्र रेखाटा’, ‘यमूची करुण कहाणी तुमच्या शब्दांत लिहा’, असल्या प्रश्नांनीं आम्ही शिक्षकांनींच विद्यार्थ्यांस रडण्याची शिस्त लावली. आमच्या वर्गापुरते हे प्रश्न आतां बंद आहेत. त्यांच्या जागीं आम्ही विचारतों: ‘यमूवर बळजबरी होणार हें कोणकोणास ठाऊक होतें, आणि त्यांतील प्रत्येकानें काय केलें, तें कादंबरीच्या आधारें लिहा.’ बहुतेक उत्तरें आंखूड येतात. मार्गदर्शिकेंत हें उत्तर नसतें. गेल्या खेपेस एका मुलीनें दोन रकाने आंखून नांवें लिहिलीं होतीं. डाव्या रकान्यांत नांव, उजव्यांत केलेली कृति. आणि उजवा रकाना बहुतेक कोराच सोडला होता.