रक्ताळलेला मोजा आणि संघाचा डॉक्टर

डॉक्टरांच्या स्मरणिकेत बेसबॉलविषयी लेख पाहून वाचकांस आश्चर्य वाटेल. हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही, आणि त्याचे सारे बारकावे मला अवगत आहेत असा माझा दावाही नाही. तथापि २००४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क यांकीज आणि बोस्टन रेड सॉक्स या हाडवैरी संघांत अमेरिकन लीगच्या विजेतेपदासाठी जी मालिका झाली, तिच्यातील एक प्रसंग आपल्या व्यवसायाशी थेट संबंधित आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बोस्टनने १९१८ नंतर जागतिक मालिका जिंकलेली नव्हती. बेब रूथसारखा खेळाडू त्यांनी न्यूयॉर्कला विकला, त्याचाच हा शाप, अशी तेथील लोकांची समजूत. (साडेसाती केवळ आपल्याकडेच असते असे नाही!) सातपैकी चार सामने जिंकणारा विजेता, बोस्टनने पहिले तीन गमावले, तिसरा तर १९-८ असा. पुढचे दोन सामने त्यांनी बाराव्या आणि चौदाव्या डावात खेचून आणले. सहावा सामना १९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या मैदानावर होता, आणि त्यात चेंडू टाकायचा होता ३७ वर्षांच्या कर्ट शिलिंगने.

शिलिंगच्या उजव्या घोट्याजवळील पेरोनियल टेन्डनला जागेवर धरून ठेवणारे आवरण फाटले होते. प्रत्येक फेकीगणिक टेन्डन हाडावरून सरकत असे. पहिल्या सामन्यात तो तीनच डाव टिकला आणि त्याने सहा धावा दिल्या. खरी शस्त्रक्रिया केली असती, तर त्याचा हंगाम तेथेच संपला असता. तेव्हा संघाचे अस्थिशल्यविशारद डॉ. बिल मॉर्गन यांनी वेगळाच मार्ग काढला. टेन्डनलगतची त्वचा खालच्या खोल ऊतींना टाके घालून शिवायची, म्हणजे टेन्डनला सरकण्यास वावच उरणार नाही. ही कल्पना त्यांनी आधी एका मृतदेहावर करून पाहिली. सामन्यात मोज्यावर रक्त उमटलेले साऱ्या जगाने पाहिले. शिलिंगने सात डावांत एकच धाव दिली, बोस्टन ४-२ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी सातवा सामना १०-३ असा जिंकून त्यांनी मालिकाही घेतली. तीन सामने गमावून अशी मालिका जिंकणे मेजर लीगमध्ये पूर्वी घडले नव्हते. पुढे सेंट लुईसला ४-० असे नमवून बोस्टनने ८६ वर्षांनी जागतिक मालिका जिंकली; तीतही शिलिंग टाके घालूनच खेळला.

त्या टाक्यांना मी चूक म्हणणार नाही. रुग्ण सज्ञान होता, स्वतःच्या शरीराची किंमत जाणणारा होता, आणि मॉर्गन यांनी केलेली पूर्वतयारी आपल्यापैकी कित्येकांना खाली मान घालायला लावील. माझा आक्षेप निराळा आहे. ज्याला संघाने नेमले आहे, त्याच डॉक्टरकडे खेळाडूला मैदानात उतरू देण्याचा निर्णय असावा काय? सारे शहर ८६ वर्षांच्या तहानेने पाहत असताना दिलेली संमती कितपत मुक्त असते? अशा प्रसंगी संघाशी काडीचा संबंध नसलेल्या दुसऱ्या शल्यविशारदाची लेखी संमती अनिवार्य असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. कारखान्याच्या डॉक्टरला फिटनेसचा दाखला देताना तो भेटतो. ‘डॉक्टरसाहेब, मुलीचं लग्न होईपर्यंत तेवढं चालतं करा, मग काय ते ऑपरेशन,’ असे म्हणणारा गृहस्थ कोणाच्या दवाखान्यात आलेला नाही? आपण इंजेक्शन देतो आणि त्याला चालतेही करतो. मात्र तेथे निदान आपली फी त्या लग्नाच्या थाटामाटावर अवलंबून नसते.

त्या विजयाच्या कथेत पुढचे वर्ष सहसा कोणी सांगत नाही. हंगाम संपताच शिलिंगच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. २००४ मध्ये २१ सामने जिंकणारा हा खेळाडू २००५ च्या हंगामाचा मोठा भाग मैदानाबाहेर राहिला, आणि त्याच्या नावावर आठच विजय लागले. पुढे तो सावरला. २००७ मध्ये बोस्टनने पुन्हा जागतिक मालिका जिंकली तेव्हा तो संघात होता. जागतिक मालिकेतील त्याचा रक्ताळलेला मोजा २०१३ मध्ये लिलावात ९२,६१३ डॉलरना विकला गेला.