वाड्याचा दगड भरावात कशाला?

गावोगाव जुने वाडे पडताहेत. सागवानी तुळया, दरवाजे यांना गिऱ्हाईक लगेच भेटते. घडीव काळा दगड मात्र ट्रॉली भरभरून भरावात जातो, आणि त्याच घरापुढे मग रोख पैसे मोजून सिमेंटचे पेव्हर ब्लॉक येतात. हा कुठला हिशेब?

दगडाची भीती लोकांना आहे, ती खोटी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसे दगडी भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. पण तो दोष मातीत रचलेल्या भिंतींचा आणि वरच्या जड मातीचा. हाच दगड जमिनीत बसवला तर कुणाच्या अंगावर पडणार?

अंगणात, ट्रॅक्टर वळतो त्या वाटेवर तो घालावा. आधी मुरूम पाणी मारून धुम्मसाने ठोकावा, वर दोनेक इंच कच, मग दगड. उतार घरापासून बाहेर. कडेला मोठे दगड रोवा, नाहीतर चाकाखाली रांगा सरकतात. सांध्यांत सिमेंट नको, वाळूच भरा. पाणी मुरते, आणि एखादा दगड खचला तर तेवढाच उचलून बसवता येतो. गुळगुळीत झालेल्या तोंडाला पाथरवटाकडून टाकी मारून घ्या. पावसाळ्यात म्हातारी माणसे घसरतात हो!

सरपंचांनीही लक्ष घालावे. पंचायतीच्या पडक्या चावडीचा, पाराचा दगड गावाचा आहे. ठराव न होता तो कुणाच्या ट्रॉलीत जाऊ नये. आणि वीरगळ किंवा अक्षरे कोरलेला दगड निघाला तर फरशीत घालू नका. बाजूला ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा.